सर्व्हिस डेस्कवर बसलेल्या भाच्याला

चि. ओंकार,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, मला पगार शिव्या खायचाच मिळतो." दादा-वहिनी शेजारी होते म्हणून तेव्हा बोलले नाही. सर्व्हिस डेस्कवर मीही बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

20 तारखेला संध्याकाळी अकाउंट्सच्या बाईंनी तुला झापलं ना? दरमहा जीएसटीआर-3बी भरायची ती शेवटची तारीख. कंपनीचं रिटर्न डिजिटल सहीशिवाय जात नाही आणि त्यांचा लॅपटॉप सहीचा टोकन ओळखतच नव्हता. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये लेट फी, थकलेल्या करावर वर्षाला 18 टक्के व्याज आणि वर साहेबांची बोलणी. अशा वेळी तू त्यांना सांगितलंस, "मॅडम, आधी शांत व्हा." हे ऐकून कुणी शांत झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. "रिटर्न किती वाजेपर्यंत भरायचंय? सहीचं सॉफ्टवेअर असलेला दुसरा लॅपटॉप जवळ आहे का?" असं विचारलं असतंस, तर टोकन तिकडे लावून कदाचित त्यांचं काम झालं असतं आणि त्यांच्या लॅपटॉपवरच्या टोकनच्या ड्रायव्हरचं तुला रात्री निवांत पाहता आलं असतं. माणूस चिडला की त्याचं नेमकं काय अडलंय आणि ते कधीपर्यंत हवंय, एवढं आधी शोध. बाकीचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस.

"युजर सर्रास खोटं बोलतात" हे तुझं मत मात्र मला पटलं नाही. मशीन बंद करून चालू केलं असं ते सांगतात आणि टास्क मॅनेजरमध्ये अपटाइम बारा दिवस दिसतो, म्हणून तू त्यांना खोटं ठरवतोस. अरे, विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टीमचा गाभा हायबरनेट होऊन तसाच राहतो. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टनेच. त्या माणसाने खरंच बटण दाबलेलं असतं! तेव्हा "स्क्रीनवर रीस्टार्ट निवडा, मी लाइनवर थांबतो" एवढंच म्हण. पँट्रीत युजरची टिंगल चालली असेल, तर तिथेही सामील होऊ नकोस. तिथे लागलेला सूर पुढच्या फोनवर आवाजात उतरतो.

सहकाऱ्यांचं दुखणं जास्त चिवट आहे. एल-टूचे, म्हणजे वरच्या पातळीवरच्या सपोर्टचे लोक तिकीट परत पाठवतात याचा तुला राग येतो. पण "आउटलुक चालत नाही, कृपया पाहा" एवढ्यावर त्यांनी काय पाहायचं? एररचे शब्द जसेच्या तसे, कधीपासून, एकालाच की सगळ्या मजल्याला, तू काय काय करून पाहिलंस, हे सगळं लिही. एवढं लिहूनही तिकीट परत आलं, तर काय कमी पडलं ते त्याच तिकिटात विचार. चॅटवर भांडू नकोस. तुझ्या शिफ्टमधला जो मुलगा फक्त पासवर्ड रीसेटची सोपी तिकिटं उचलून आकडा वाढवतो, त्याच्याबद्दल कुजबुज करून काही होणार नाही. आठवड्याचा क्यू-रिपोर्ट घेऊन लीडसमोर बस.

एका बाबतीत मात्र समोरचा कितीही चिडो, हटायचं नाही: ओळख पटल्याशिवाय पासवर्ड किंवा एमएफए रीसेट करायचा नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेत एमजीएम रिसॉर्ट्सवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोराने कर्मचारी असल्याचं भासवून हेल्पडेस्कला फोन केला होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. नुकसानीचा कंपनीचाच अंदाज सुमारे 10 कोटी डॉलरचा होता. "मी कोण आहे माहीत आहे का?" असं ओरडणारा खरा डायरेक्टर असेल, तर ठरलेल्या नंबरवर उलट फोन केल्याने त्याची दोन मिनिटं जातील, एवढंच. तसं त्याला नम्रपणे सांग आणि फोन कर.

आणि आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्याचं ऐकून घेणं तुझ्या कामात बसत नाही. एकदा बजाव, मग तुमच्याकडच्या नियमाप्रमाणे कॉल लीडकडे दे आणि त्याच रात्री नोंद कर. सकाळपर्यंत मनात ठेवू नकोस.

रविवारी जेवायला ये. एल-टूने परत पाठवलेल्या एखाद्या तिकिटात तू काय लिहिलं होतंस, ते नावगाव आणि कंपनीचे तपशील वगळून मला तोंडी सांग. पुढच्या वेळी ते कसं लिहायचं ते आपण बसून पाहू.

तुझी,
आत्या