राखणीच्या कुत्र्याची निगा व वार्षिक तपासणी

शेतकऱ्याच्या दारात बैल, गाय व शेळी यांच्याबरोबर कुत्राही असतोच. खळ्याची राखण करणे, रानडुकरांना पिकातून हुसकावणे, मेंढवाड्याभोवती रात्रभर पहारा देणे ही कामे तो उरल्यासुरल्या भाकरीच्या तुकड्यावर करीत असतो. पावसाळ्यापूर्वी बैलास घटसर्पाची व फऱ्याची लस टोचून घेणारा शेतकरी या राखणदारास मात्र एकदाही पशुवैद्यकीय दवाखान्यात नेत नाही. कुत्रा आजारी पडला म्हणजे तो आपोआप बरा होईल किंवा मरेल, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत केवळ कुत्र्यासच नव्हे, तर घरातील माणसांना व गोठ्यातील जनावरांनाही घातक आहे. म्हणून कुत्रा निरोगी असतानाच त्याची निगा कशी राखावी, याची माहिती येथे दिली आहे. घरातील मांजरासही यांतील बहुतेक सूचना लागू पडतात.

पिसाळरोग : इलाज नसलेला, परंतु टाळता येणारा रोग

पिसाळरोग अथवा रेबीज हा विषाणूपासून होणारा रोग आहे. रोगी जनावराच्या लाळेतून, चाव्यावाटे किंवा ओरखड्यावाटे तो पसरतो. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे माणूस काय किंवा जनावर काय, बहुधा वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या रोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात, व त्यांपैकी बहुतेकांना तो कुत्र्यापासूनच झालेला असतो. चावा घेतला जाणाऱ्यांत लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, आणि मूल चाव्याची गोष्ट भीतीपोटी घरी सांगत नाही, हे विशेष ध्यानात ठेवावे.

पिसाळलेला कुत्रा नेहमी धावत सुटतो व दिसेल त्यास चावतो असे नाही. काही कुत्री अंधाऱ्या कोपऱ्यात मुकाट पडून राहतात, त्यांचा खालचा जबडा लोंबतो व तोंडातून लाळ गळते. पिसाळलेली गाय किंवा म्हैस घोगऱ्या आवाजात हंबरते, तिला गिळता येत नाही व तोंडास फेस येतो. अशा वेळी घशात हाड अथवा चारा अडकला असावा असे समजून धनी तिच्या तोंडात हात घालतो, आणि हातावर एखादी जखम असल्यास रोगाचा धोका ओढवून घेतो. गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, त्याचे दूध वापरू नये, व पशुवैद्यास ताबडतोब बोलवावे.

लस टोचण्याचा क्रम

(१) पिसाळरोगाची लस : पिल्लू तीन महिन्यांचे झाले म्हणजे पहिली लस द्यावी. दुसरी मात्रा पशुवैद्य सांगतील त्या दिवशी द्यावी व त्यानंतर दरवर्षी लस देत जावी. लस टोचल्यानंतर शरीरात प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून गावात पिसाळलेला कुत्रा दिसल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच लस देणे शहाणपणाचे होय.

(२) डिस्टेंपर व पार्व्हो यांची लस : पार्व्हो रोगात पिल्लास उलट्या व रक्ताची हगवण होऊन ते थोड्याच दिवसांत दगावते. ही एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून चार महिन्यांचे वय होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. उन्हात राहिलेली लस टोचल्याने काहीच लाभ होत नाही. म्हणून लस दवाखान्यातच टोचून घ्यावी, अथवा बर्फाच्या पेटीतून आणलेलीच वापरावी. दिलेल्या लसीचा दिनांक कार्डावर लिहून घ्यावा व ते कार्ड सात-बाराच्या उताऱ्याइतकेच जपून ठेवावे.

जंत, गोचीड व पिसवा

पिल्लाच्या पोटात जंत बहुधा आईकडूनच येतात. म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून जंतनाशक औषध सुरू करावे. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्यास, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा व नंतर दर तीन महिन्यांनी ते द्यावे. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने ती पशुवैद्यास विचारावी.

बकरे कापल्यावर त्याचे यकृत व फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची रीत ठिकठिकाणी आहे. त्या अवयवांत पाण्याच्या फोडासारख्या गाठी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात एका प्रकारचे फीतकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेतून अंगणात, चाऱ्यात व भाजीपाल्यावर पडतात आणि ती पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशाच गाठी होतात. म्हणून असे अवयव कच्चे खाऊ घालू नयेत. गाठी असलेले अवयव जाळावेत अथवा खोल पुरावेत. कुत्र्यास हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्यावाचून जेवू नये.

गोचीड रक्त शोषतात व कुत्र्यास ताप आणणारे रोग पसरवितात. पिकावर फवारण्याचे विषारी औषध कुत्र्याच्या अंगास कदापि लावू नये. ते चाटल्याने तो मरतो. कुत्र्यासाठी दिलेले गोचिडाचे औषध मांजरासही परस्पर लावू नये, कारण त्यांपैकी काही औषधे मांजरास विषासमान आहेत. झोपण्याची जागा झाडून उन्हात वाळवावी व भिंतींच्या भेगा लिंपून घ्याव्यात.

घरच्या घरी तपासणी

आठवड्यातून एकदा कुत्र्यास उजेडात उभे करून पुढील गोष्टी पाहाव्यात : हिरड्या गुलाबी आहेत की फिकट, डोळ्यांत चिपडे आहेत काय, कानास दुर्गंधी येते काय, पंजांच्या बेचक्यांत गोचीड आहेत काय, कातडीवर लूत किंवा खरूज आहे काय, बरगड्या उघड्या दिसू लागल्या आहेत काय. निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणून केवळ हातास ऊब लागली म्हणजे ताप आहे असे समजू नये. दोन वेळा अन्न न घेतल्यास अथवा स्वभाव एकाएकी बदलल्यास पशुवैद्यास दाखवावे. याशिवाय वर्षातून एकदा, लसीच्या वेळीच, पशुवैद्याकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. पिल्ले नको असल्यास नसबंदीचा सल्लाही त्याच वेळी घ्यावा.

चावा घेतल्यास काय करावे

जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. तीवर मिरची, चुना, तेल किंवा हळद लावू नये, व घट्ट पट्टी बांधू नये. मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा सुया टोचतात, या धास्तीने काही लोक अजूनही दवाखाना टाळतात. ती मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली जुनी लस होती व तिचा वापर आपल्या देशात केव्हाच बंद झाला आहे. सांप्रतची लस दंडात, व लहान बालकांना मांडीत, ठरलेल्या दिवशी चार किंवा पाच वेळा देतात. रक्त आलेल्या जखमेत प्रतिपिंडाचे औषधही भरावे लागते. चावणारा कुत्रा लस दिलेला असला तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. त्यास मारू नये. त्यास बांधून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे व त्याचे वर्तमान डॉक्टरांस कळवावे. मात्र दहा दिवस पाहू व मग सुई घेऊ, असे करू नये. सुई पहिल्या दिवसापासूनच सुरू झाली पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

गावातील निदान ७० टक्के कुत्र्यांस लस दिली गेल्यास कुत्र्यांतील पिसाळरोगाची साखळी तुटते. म्हणजे गावात ६० कुत्री असल्यास किमान ४२ कुत्र्यांस लस मिळाली पाहिजे. यासाठी प्रथम आळीवार मोजणी करावी व धन्याच्या नावासह यादी करावी. धनी नसलेल्या कुत्र्यांची नोंद निराळी ठेवून ती ग्रामपंचायतीस द्यावी. पोळ्यास शेतकरी बैलांकडे विशेष लक्ष देतो. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिनही त्याच सुमारास येतो. या दोहोंच्या मधल्या दिवसांत पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांस विनंती करून गावात लसीकरणाचा दिवस ठरवावा. आदल्या दिवशी दवंडी द्यावी, व कुत्रा दोरीने बांधून सकाळीच आणावा असे सांगावे. शाळेत मुलांना दोनच गोष्टी पाठ कराव्यात : चावा किंवा ओरखडा झाल्यास घरी सांगणे व जखम साबणाने धुणे.

लस, जंताचे औषध व आठवड्याची पाहणी यांस वर्षाकाठी फार वेळ किंवा पैसा लागत नाही. वेळेवर न दिलेल्या लसीची भरपाई मात्र पुढे कोणत्याही खर्चाने होत नाही.