तुळजापूरहून तेर : एका दिवसाची अभ्यासयात्रा

तुळजापुरास श्रीभवानीमातेच्या दर्शनासाठी येणारे बहुसंख्य भाविक अभिषेक, ओटीभरण व कुलाचार आटोपून त्याच दिवशी परतीच्या मार्गास लागतात. ज्यांच्या हाती एखादा दिवस अधिक असतो ते पंढरपूर, अक्कलकोट अथवा गाणगापूर येथे जातात, आणि ते उचितच आहे. तथापि तुळजापूरपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरातही नसलेले एक स्थान बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे ते गाव. वारकरी मंडळी त्यास संत गोरोबाकाकांचे तेरढोकी म्हणून ओळखतात. इतिहासाचे अभ्यासक त्यास तगर म्हणतात. एकाच गावाची ही दोन नावे ध्यानात ठेवून जो भाविक तेथे जाईल त्याचा दिवस सत्कारणी लागेल.

तुळजापूरहून धाराशिव वीस-बावीस किलोमीटर आणि तेथून ईशान्येस तेर आणखी वीस-पंचवीस किलोमीटर आहे. (उस्मानाबाद शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२३ साली अधिकृतपणे धाराशिव झाले, जुन्या नकाशांत व पुस्तकांत पूर्वीचेच नाव आढळेल.) सकाळी सहाच्या सुमारास निघाल्यास उन्हे चढण्यापूर्वी गावात पोहोचता येते. नळदुर्गचा किल्लाही त्याच दिवशी पाहून घेऊ, असा उत्साह काही मंडळी दाखवतात. नळदुर्ग अगदी उलट दिशेस आहे. त्यासाठी वेगळा दिवस राखावा, अन्यथा दोन्ही ठिकाणी केवळ मोटारीतून उतरणे व चढणे एवढेच घडते.

तेर येथे जाताना मार्गदर्शक सोबत असणे अगत्याचे आहे. वेरूळ-अजिंठ्यास डोळ्यांनाच इतके दिसते की माहिती सांगणारा नसला तरी मन भरते. तेरचे तसे नाही. येथील प्राचीन नगर जमिनीखाली आहे आणि त्यावर आजचे गाव नांदते आहे. घरांच्या मागे, शेतांच्या बांधाला, नदीच्या कडेला जी पांढऱ्या मातीची टेकाडे दिसतात, ती नैसर्गिक नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने साचलेली आहेत, हे कोणी दाखविल्यावाचून कळत नाही. गावातील जाणता माणूस अथवा इतिहासाचा शिक्षक यांस आधी कळवून बरोबर घ्यावे. योग्य मार्गदर्शकाची ओळख अशी की, तो प्रत्येक वास्तू पांडवांनी एका रात्रीत बांधली असे सांगत नाही, आणि ठाऊक नसलेल्या प्रश्नावर थांबतो.

सर्वप्रथम त्रिविक्रम मंदिरात जावे. सकाळचा प्रकाश तेथे चांगला असतो. प्रथमदर्शनी हे मंदिर साधे, किंबहुना काहीसे ओबडधोबड वाटते. हेमाडपंती देवळांचे कोरीव खांब व शिखरे पाहून आलेल्या भाविकाची थोडी निराशाही होते. परंतु बाजूने फिरून छपराकडे पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानी येते. गर्भगृहाची मागील बाजू चौकोनी नसून अर्धगोल आहे, आणि त्यावरील छप्पर हत्तीच्या पाठीसारखे फुगीर आहे. या घडणीस गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ले, भाजे येथील लेण्यांत डोंगर पोखरून जो आकार साधला आहे, तोच येथे विटांनी उभारलेला आहे. पुढचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला आहे. आत एक पाय उंच उचललेली भगवान त्रिविक्रमांची मूर्ती आहे. बळीराजा व वामनावताराची कथा प्रत्येक घरी ठाऊक असल्याने ती येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

हेन्री कझिन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी या मंदिराची पाहणी केली व हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत मांडले. पुढील काही अभ्यासकांनी ते आरंभापासूनच वैष्णव मंदिर असल्याचे प्रतिपादन केले. या वादात यात्रेकरूने पडण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य आहे, आणि ती या संपूर्ण यात्रेचा गाभा आहे. अशा घडणीची विटांची प्राचीन बांधकामे भारतात अनेक ठिकाणी होती. परंतु आज त्यांपैकी बहुतेकांचे केवळ पाये उत्खननात सापडतात. छपरासह उभी राहिलेली फारच थोडी आहेत. त्यांत एक तेरचे त्रिविक्रम मंदिर आणि दुसरे आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर. दोन्ही ठिकाणी देव नांदता राहिला. जेथे पूजा चालू राहिली तेथे दिवा लागला, गळके छप्पर कोणी तरी शाकारले, पडकी भिंत कोणी तरी सावरली. जेथे पूजा थांबली तेथील विटा लोकांनी घरे बांधण्यासाठी नेल्या. राजाश्रय संपून दीड हजार वर्षांच्या आसपास काळ लोटल्यावरही ही वास्तू उभी आहे, तिचे श्रेय गावातील अनाम पुजारी व शेतकरी यांचे आहे.

याच कारणास्तव देणगीदारांनी येथे थोडे थांबून विचार करावा. जीर्णोद्धाराची इच्छा पवित्र आहे. परंतु जुन्या विटेवर सिमेंटचा गिलावा, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, दगडी मूर्तीवर तैलरंग ही सेवा नव्हे. वीट व चुना ओलावा घेतात आणि सोडतात. सिमेंटने तो आत कोंडला जातो आणि विटेचा भुगा होऊ लागतो. वरून भिंत नवी दिसते, आतून ती खचत असते. ज्या वास्तूंना शासनाने संरक्षित स्मारक म्हणून घोषित केले आहे, तेथे पुरातत्त्व खात्याच्या अनुमतीवाचून काहीही करणे कायद्यानेही वर्ज्य आहे. कोणत्याही प्राचीन मंदिरास देणगी द्यावयाची झाल्यास ती नित्यपूजा, दिवाबत्ती, पावसाळी पाण्याचा निचरा, परिसरातील झाडोरा काढणे अशा कामांसाठी द्यावी. त्यावर नावाची संगमरवरी पाटी बसत नाही, ही अडचण खरीच आहे.

मंदिरातून निघाल्यावर मार्गदर्शकासमवेत टेकाडांच्या बाजूस जावे. मराठी खेड्यात शेतजमिनीस काळी व गावठाणास पांढरी म्हणतात. पांढरीची माती म्हणजे राख, शेण, पडलेल्या भिंती यांचा शेकडो वर्षांचा थर. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर ही माती पसरण्याची रीत होती, आणि खत म्हणून ती शेतातही टाकली जात असे. प्राचीन वस्तीची टेकाडे अशा रीतीने खणली गेली. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता, परंतु मातीबरोबर मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती वर येऊ लागल्या व त्यांची वाताहत होऊ लागली.

ती थोपविण्याचे काम ज्यांनी केले त्या रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव प्रत्येक यात्रेकरूने आदराने घ्यावे. लामतुरे हे तेरचेच रहिवासी. गावात, शेतात, पावसाने धुपलेल्या कडांवर जे काही सापडे ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले आणि हजारो वस्तूंचा तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. तेर येथील शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने ओळखले जाते. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. म्हणून निघण्यापूर्वी वार व वेळ यांची चौकशी अवश्य करावी.

संग्रहालयात घाई करू नये. किमान दीड तास द्यावा. तेथील बोटभर उंचीच्या मातीच्या मूर्ती पाहाव्या. पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांत घालून काढलेल्या या मूर्तींची केशरचना व कर्णभूषणे आजच्या सराफासही विचारात पाडतील. सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीमूर्ती हा येथील विशेष ठेवा होय. इटलीतील पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी तेरच्या मूर्तीचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही येथे जतन केलेली आहे. आपल्या हवामानात लाकूड इतकी शतके टिकणे हे दुर्मिळ आहे. तेरच्या काही जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात. मातीत तूस मिसळून वीट भाजली म्हणजे तूस जळून जाते व वीट आतून सच्छिद्र होते, असे त्याचे साधे स्पष्टीकरण आहे. यास चमत्कार म्हणण्यापेक्षा कुंभाराचे कसब म्हणणे अधिक योग्य.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नगराचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असून तेथून निरनिराळ्या प्रकारचे कापड गाड्यांनी भडोच बंदरात येते, असे त्यात म्हटले आहे. हे तगर कोणते, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. कोणी दौलताबाद सांगे, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजेच तेर हे सिद्ध केले. कोकणात व कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. अंबरनाथचे शिवमंदिर ज्यांच्या काळात उभे राहिले त्या राजघराण्याने आपले मूळ नगर म्हणून ज्याचा अभिमान बाळगला, ते हे गाव. मुंबई-ठाण्याकडील भाविकांस हा संबंध निश्चित जवळचा वाटेल.

पावसाळ्यानंतर टेकाडांवर फिरताना एखादा मणी किंवा खापराचा तुकडा पायाशी दिसणे शक्य आहे. तो उचलून खिशात घालण्याचा मोह अनेकांना होतो. क्वचित एखादा मुलगा मूठभर मणी विकावयासही आणतो. भाविकांनी दोन्ही टाळावे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांस देण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे आणि पुरावस्तूंच्या विक्रीवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. परंतु कायद्याच्याही पलीकडे एक व्यवहारी कारण आहे. मणी कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडला यावरून त्याचा काळ ठरतो. घरच्या शोकेसमध्ये गेल्यावर तो केवळ एक मणी उरतो.

माध्यान्हीच्या सुमारास तेरणाकाठी संत गोरोबाकाकांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. परंपरेनुसार शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ च्या चैत्र वद्य त्रयोदशीस गोरोबाकाका समाधिस्थ झाले. त्या तिथीस येथे वारकऱ्यांची मोठी गर्दी असते. शांतपणे अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी ते दिवस टाळावे, आणि भजन-कीर्तनाचा आनंद घेऊ इच्छिणाऱ्यांनी नेमके तेच निवडावे. विठ्ठलनामात तल्लीन होऊन माती तुडविणारे गोरोबा, आणि थापटण्याने संतांची डोकी थापटून पाहताना नामदेवरायांस कच्चे मडके ठरविणारे गोरोबा, ही दोन्ही रूपे महाराष्ट्रास परिचित आहेत. सकाळी संग्रहालयात मातीच्या मूर्ती पाहून आलेल्या भाविकास मात्र येथे आणखी काही सुचेल. ज्या गावात सातवाहनांच्या काळी मातीला एवढे नाजूक रूप देणारे हात होते, त्याच गावी हजार-बाराशे वर्षांनी संतमंडळीत वडीलकीचा मान एका कुंभारास मिळाला. या दोहोंचा परस्पर संबंध दाखविणारा पुरावा नाही. परंतु समाधीपुढे बसले असता तो विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

गावात वावरताना हे ध्यानात असावे की अवशेषांवरच लोकांची घरे आहेत. कोणाच्या अंगणातून टेकाडावर जावयाचे असल्यास आधी विचारावे. विचारल्यावर बहुधा पाणी व चहाचा आग्रहच होतो. छायाचित्रे घेताना घरच्या माणसांची, विशेषतः महिलांची, संमती घ्यावी. मोठ्या हॉटेलांची अपेक्षा न ठेवता भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही अशी शिदोरी बरोबर न्यावी आणि तिचे कागद, द्रोण, प्लास्टिक परत आणावे. पावसाळ्यात काळी माती पायास व चाकास घट्ट चिकटते. उन्हाळ्यात दुपारी टेकाडावर सावली मिळत नाही. नवरात्र-दिवाळीनंतरचे तीन-चार महिने सर्वात सोयीचे.

परतीच्या वाटेवर वेळ असल्यास धाराशिव शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील लेणी पाहावी. येथे सात लेणी असून त्यांत जैन मूर्ती आहेत. त्यांतील काही मूळची बौद्ध असावी की नाही याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूर व तेथील लेण्यांचे वर्णन येते. म्हणजे जुन्या काळीही तेर आणि ही लेणी एकाच यात्रेत जोडलेली होती. लेण्यांपर्यंत काही अंतर पायी जावे लागते व आत काळोख असतो. विजेरी जवळ असावी आणि वृद्ध व्यक्तींनी पायांचा अंदाज घेऊन निर्णय करावा. चारच्या पुढे धाराशिवला पोहोचणे झाले तर लेणी दुसऱ्या खेपेसाठी ठेवून सरळ तुळजापूरची वाट धरावी, म्हणजे सायंकाळच्या आरतीची वेळ साधते.