अट जमिनीबरोबर चालते

प्रश्न : हळदीचे पैसे हाती आले आहेत. हिंगोली शहरालगत प्लॉट घेऊन पाच-सात वर्षांनी विकावा, असा विचार आहे. पण त्याच्या जुन्या खरेदीखतात 'फक्त राहते घर बांधावे, दुकान किंवा गोदाम काढू नये' अशी अट आहे. दुसरीकडे कळमनुरी तालुक्यात शेतजमीन स्वस्तात मिळते आहे. मात्र सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी विकणारे म्हणतात, 'अटी कोण बघतो?' खरंच कोणी बघत नाही का?
– एक वाचक, वसमत

उत्तर : बघतात, आणि बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावरच बघतात. तुमच्या दोन्ही अटींची जात मात्र वेगळी आहे.

प्लॉटची अट माणसामाणसांत ठरलेली आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 10 प्रमाणे 'ही जागा पुढे कधीच विकायची नाही' असे सरसकट बंधन चालत नाही. पण मूळ मालकाने शेजारची जागा स्वतःकडे राखली असेल आणि तिच्या सुखासाठी तुमच्या प्लॉटच्या वापरावर बंधन घातले असेल, तर कलम 11 ते मान्य करते. अट ठाऊक असताना जो जागा विकत घेतो, त्यालाही ती बांधते, असे कलम 40 सांगते. 'मला माहीत नव्हते' ही सबब तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही अट वाचली आहे, आणि नोंदणीकृत दस्तात असलेली गोष्ट खरेदीदाराला माहीत होती, असेच कायदा साधारणपणे धरून चालतो.

यामागचे तत्त्व लंडनच्या लेस्टर चौकातल्या बागेच्या खटल्यात 1848 साली ठरले. बाग मोकळी ठेवायची, या अटीवर जागा विकली गेली होती. पुढच्या खरेदीदाराला अट माहीत असूनही बांधकाम करायचे होते. न्यायालयाने त्याला रोखले. अटीमुळे कमी भावात घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी अट झटकून चढ्या भावात विकायचे, हा अन्याय आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते. गुंतवणूक करणाऱ्याने हे पक्के ध्यानात ठेवावे. तुमच्या प्लॉटला पुढेही घराच्याच जागेचा भाव येईल, दुकानाच्या जागेचा नाही.

वर्ग 2 ची अट, म्हणजे जमिनीच्या हस्तांतरणावरचे बंधन, कायद्याने घातलेली आहे. ती तुम्हाला ठाऊक असो वा नसो, बांधतेच. म्हणून आधी फेरफार काढून जमीन वर्ग 2 का झाली, ते शोधा. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे इथल्या कुळाच्या जमिनींना 1950 चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे. त्याच्या कलम 50-ब प्रमाणे अशा जमिनीच्या विक्रीला परवानगी लागत असे. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाने जमीन खरेदी करून दहा वर्षे झाली असतील, तर शेतसाऱ्याच्या 40 पट नजराणा भरून ती विकता येते. घेणारा मात्र शेतकरीच हवा, शिवाय कमाल जमीनधारणा आणि तुकडेबंदीचे नियम पाळावे लागतात. इनामाच्या किंवा सरकारने वाटप केलेल्या जमिनींचे नियम वेगळे आहेत.

कळमनुरी भागात आंध आदिवासी समाजाची वस्ती आहे. विकणारा आदिवासी आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल, तर महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेने दिलेली जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर व्यवहाराचा विचारही करू नका. हा कायदा आदिवासींच्या हातातली जमीन राखण्यासाठी आहे, आणि त्याचा मान राखणे हे आपले कर्तव्य आहे.

इसार देण्यापूर्वी सातबाराचा 'इतर हक्क' रकाना, सगळे फेरफार आणि दुय्यम निबंधकांकडचे 30 वर्षांचे दस्त वकिलाकडून तपासून घ्या. नजराणा कोण भरणार, हे इसारपावतीतच लिहा. परवानगीचा कागद हाती आल्याखेरीज उरलेली रक्कम देऊ नका. अट असलेली जमीन घेणे चूक नाही. अटीची किंमत वजा न करता घेणे ही चूक आहे.