अंतःकरणातील दागिना
(अभ्यासपाठ. वाचन : पेत्राचे पहिले पत्र, अध्याय ३, वचने १ ते ७, नीतिसूत्रे, अध्याय ३१, वचने १० ते ३१)



बर्‍याच वर्षांपूर्वीची गोष्ट. शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलींच्या वर्गात मी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय शिकवीत होते. पाठ संपला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या आईने उपासनेसाठी म्हणून तिच्या दोन छान वेण्या घालून वर अबोलीचा गजरा माळला होता. ती म्हणाली, “बाई, पेत्राला आमच्या वेण्यांचा एवढा राग का? आणि माझ्या भावाच्या वर्गात हे वचन कधीच कसे शिकवीत नाहीत?”

वर्ग हसला. मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी रागावले. “मोठी झालीस की कळेल,” असे म्हणून मी तिला खाली बसविले. पुढच्या रविवारी ती आली ती केस नुसते आवळून बांधून, मान खाली घालून. वर्ग सुटेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. सौम्य व शांत आत्म्याचा पाठ मी शिकविला होता, आणि एका हसर्‍या मुलीला त्यातून फक्त लाज मिळाली होती. ही चूक तेव्हापासून मनात सलते आहे. आजचा पाठ म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

१. हे पत्र कोणासाठी?

पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या विश्वासणार्‍यांना हे पत्र लिहिले आहे. हे प्रांत आजच्या तुर्कस्तानात येतात. तेथे रोमी राज्य होते, आणि पत्नीने पतीचेच देव मानावेत अशी समाजाची अपेक्षा होती. प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने नवविवाहितांना केलेल्या उपदेशात हेच स्पष्ट सांगितले आहे.

आता पेत्र कोणाशी बोलतो आहे ते पाहा. पहिल्या वचनात त्याच्या डोळ्यांसमोर अशी स्त्री आहे, जिचा पती अजून सुवार्ता मानीत नाही. ख्रिस्ताला अनुसरून तिने समाजाचा सर्वांत मोठा नियम आधीच मोडला आहे. पेत्र तिला माघारी फिरायला सांगत नाही. तुझ्या वागणुकीतून तुझा प्रभू घरच्यांना दिसू दे, एवढेच तो सांगतो. आणि सहाव्या वचनात, कोणत्याही दहशतीला भिऊ नकोस, असा धीर देतो. म्हणजे हा उपदेश भित्र्या स्त्रीला केलेला नसून, धोका पत्करून विश्वासात उभ्या राहिलेल्या स्त्रीला केलेला आहे.

२. शृंगाराला मनाई आहे काय?

तिसर्‍या वचनात पेत्र तीन गोष्टींची नावे घेतो : केस गुंफणे, सोन्याचे दागिने घालणे आणि वस्त्रे नेसणे. मूळ ग्रीक भाषेत तिसर्‍या ठिकाणी ‘वस्त्रे नेसणे’ एवढेच आहे. ‘भारी’ किंवा ‘उंची’ हा शब्द तेथे नाही. या वचनातून वेणीला बंदी आहे असे आपण म्हणू लागलो, तर त्याच न्यायाने अंगावर कपडे घालण्यालाही बंदी आहे असे म्हणावे लागेल! तेव्हा पेत्राचा रोख बंदीवर नाही. तुमची शोभा कशावर उभी आहे, हा त्याचा प्रश्न आहे.

त्या काळातील धनिक रोमी स्त्रियांचे पुतळे आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. पहिल्या शतकाच्या अखेरच्या पुतळ्यांत कपाळावर कुरळ्या केसांची उंच उतरंडच रचलेली दिसते. अशी केशरचना एकटीला करता येत नसे. ते काम घरच्या दासी करीत. आता याच पत्राचा दुसरा अध्याय उघडा. अठराव्या वचनात पेत्र घरच्या दासांशी बोलतो, आणि लगेच पुढे पत्नींशी. एकाच घरी भरणार्‍या मंडळीत केस विंचरून घेणारी मालकीणही असेल आणि विंचरणारी दासीही असेल. शोभा सोन्यात आणि केसांत असेल, तर त्या दासीच्या वाट्याला ती कधीच यावयाची नाही. अंतःकरणातील शोभा मात्र दोघींनाही सारखीच खुली आहे. पेत्राच्या वचनातील दया मला येथे दिसते.

यशया संदेष्ट्याच्या तिसर्‍या अध्यायात सियोनच्या स्त्रियांच्या दागिन्यांची लांबलचक यादी आहे, आणि ती वाचून अनेक उपदेशक स्त्रियांना बोल लावतात. परंतु त्याच्या आधीची दोन वचने, चौदावे व पंधरावे, ते वाचीत नाहीत. गरिबांना लुटून आणलेला माल तुमच्या घरात आहे, असा आरोप देवाने वडीलधार्‍यांवर व सरदारांवर तेथे ठेवला आहे. देवाला पैंजणांचा आवाज खुपला तो या लुटीमुळे. दागिना कोठून आला, हे देव विचारतो. आपल्याकडे मुलीच्या बापाने कर्ज काढून घातलेले सोने सासरी तोलून घेतले जाते. हुंड्याला १९६१ च्या कायद्याने बंदी आहे, तरी ‘हौसेने दिले’ या नावाखाली ते चालू आहे. आपली ख्रिस्ती घरेही यातून सुटलेली नाहीत. यशयाचे वचन अशा तराजूला लागू पडते. आईने माळलेल्या गजर्‍याला नव्हे.

रूप ही देवाचीच देणगी आहे. अबीगईल सुज्ञ होती आणि सुंदरही होती, असे शास्त्र दोन्ही शब्दांत सांगते. मात्र सुज्ञपणाचा उल्लेख आधी करते. फिलिप्पै येथील लुदिया तर जांभळ्या वस्त्रांचा, म्हणजे त्या काळच्या अत्यंत भारी कापडाचा, व्यापार करीत असे. तिने ख्रिस्ताला स्वीकारले तेव्हा पौलाने तिला दुकान बंद करायला सांगितल्याचे कोठे लिहिलेले नाही. तिने आपले घर उघडले, एवढे मात्र लिहिले आहे.

३. ‘सौम्य’ आणि ‘शांत’

चौथ्या वचनात पेत्र अंतःकरणात दडलेल्या माणसाविषयी बोलतो, आणि सौम्य व शांत आत्मा ही त्याची अविनाशी शोभा आहे असे सांगतो. या दोन शब्दांचा आपण फार दुरुपयोग केला आहे. सौम्य म्हणजे मुकी आणि शांत म्हणजे सारे मुकाट सोसणारी, असा अर्थ आपण मुलींच्या पदरी बांधला.

‘सौम्य’ यासाठी मूळ शब्द ‘प्राउस’ असा आहे. संपूर्ण नव्या करारात तो चारच वेळा येतो. एकदा डोंगरावरील प्रवचनात, सौम्य लोक पृथ्वीचे वतनदार होतील या आशीर्वचनात. दोनदा प्रभू येशूविषयी : मत्तयाच्या अकराव्या अध्यायात प्रभू स्वतःविषयी तो वापरतो, आणि एकविसाव्या अध्यायात यरुशलेमात प्रवेश करणार्‍या राजासाठी तो आला आहे. चौथ्यांदा येथे, स्त्रियांसाठी. म्हणजे हा गुण प्रथम आपल्या प्रभूचा आहे. ज्या येशूने सौम्य म्हणून यरुशलेमात प्रवेश केला, त्यानेच तेथे मंदिरातील सराफांचे चौरंग उलथून टाकले. जुन्या करारात मोशेला पृथ्वीवरील सर्वांत नम्र मनुष्य म्हटले आहे, आणि तोच मोशे फारोपुढे उभा राहून बोलला. सौम्यता म्हणजे ताब्यात ठेवलेले बळ होय.

‘शांत’ हा शब्दही केवळ स्त्रियांचा नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसर्‍या अध्यायात सर्वच विश्वासणार्‍यांच्या जीवनासाठी तो वापरला आहे.

अबीगईलचीच गोष्ट घ्या. तिचा पती नाबाल याने दाविदाच्या माणसांचा अपमान केला आणि सगळ्या घरावर तलवार ओढवून घेतली. ती पतीला न सांगता उठली, भाकरी, द्राक्षारस व सिद्ध केलेली मेंढरे गाढवांवर लादून दाविदाला सामोरी गेली आणि त्याला स्पष्ट शब्दांत समजावले. रक्तपात टळला. तिच्या या बोलण्याबद्दल दाविदाने देवाचे आभार मानले. ती गप्प बसली असती तर घर वाचले नसते.

म्हणून ज्या घरात स्त्रीवर हात उगारला जातो, तेथे हे वचन वाचून तिला घरी परत पाठविणे हा वचनाचा अपमान आहे. सातव्या वचनात पेत्र पतीला बजावतो की पत्नीला मान दे, ती जीवनाच्या कृपादानाची तुझ्याबरोबरची वारस आहे. नाहीतर तुझ्या प्रार्थनांत व्यत्यय येईल. अशा स्त्रीला आपल्या देशात २००५ च्या कायद्याचे संरक्षण आहे. ते मागण्याने तिची सौम्यता कमी होत नाही, आणि मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहणे हे मंडळीचे कर्तव्य आहे.

आणखी एक शब्द पाहण्याजोगा आहे. हा आत्मा देवाच्या दृष्टीने ‘बहुमोल’ आहे, असे पेत्र म्हणतो. हा ग्रीक शब्द नव्या करारात फक्त तीन ठिकाणी येतो. पौल तीमथ्याला ज्या भारी वस्त्रांविषयी लिहितो, त्या वस्त्रांसाठी, बेथानी येथे एका स्त्रीने प्रभूच्या मस्तकावर ओतलेल्या जटामांसीच्या तेलासाठी, आणि येथे. बाजारात ज्याला भारी म्हणतात त्याच मापाने पेत्र अंतःकरण तोलतो, आणि देवाच्या तराजूत ते भारी भरते असे सांगतो. बेथानीच्या तेलाची किंमत तीनशे दीनारांहून अधिक होती. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ही जवळजवळ वर्षाची कमाई झाली. ते तेल तिने जपून ठेवले नाही, ओतून टाकले. खरी शोभा अशी दुसर्‍यासाठी खर्च होते.

४. ही शोभा हातांत दिसते

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातील बावीस वचने हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांनी क्रमाने सुरू होतात. जणू मुळाक्षरांसारखी ही वचने पाठ व्हावीत! त्या स्त्रीला जे विशेषण लावले आहे, त्यातील ‘हायिल’ हा शब्द शौर्य, सामर्थ्य, सैन्य या अर्थीही येतो. ती लोकर व ताग आणते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, गरिबांकडे हात पसरते. तिच्या रूपाचे वर्णन कोठेच नाही. तिच्या हातांचा उल्लेख मात्र पुन्हा पुन्हा आहे. हेच विशेषण बवाजाने रूथला दिले, आणि रूथ तेव्हा परक्या शेतात सरवा वेचणारी विधवा होती.

प्रेषितांच्या कृत्यांतील टबीथा आठवा. ती यापो येथे वारली तेव्हा विधवा रडत जमल्या. पेत्र आला तेव्हा टबीथाने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्याला दाखविली. मला वाटते, तिसर्‍या अध्यायातील वस्त्रांविषयी लिहिताना पेत्राला ते अंगरखेही आठवले असतील.

५. आपल्या भाषेतील दोन साक्षी

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांना १८८२ साली वैधव्य आले, आणि १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी अनेक विधवांचे केस कापून त्यांची शोभा बळजबरीने काढून घेतली जाई, आणि त्याला वैराग्य असे नाव होते. बळजबरीने उतरविलेल्या दागिन्यांतून आंतरिक सौंदर्य निर्माण होत नाही, हे रमाबाईंनी ओळखले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडून त्यांनी अशा मुलींच्या हाती पाटी-पुस्तक दिले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना त्यांनी आणले आणि केडगावी आसरा दिला. शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि केडगावच्या छापखान्यात मुलींनी अक्षरे जुळविली. त्या स्वतः साधे पांढरे वस्त्र नेसत. पण तो साधेपणा त्यांनी आपण होऊन निवडला होता.

दुसर्‍या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पतिपत्नींची ताटातूट झाली. टिळकांच्या धर्मांतराने आपोआप लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळ्याओवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेल्या या बाईंनी जातिभेदाचा प्रश्न मनाशी झगडून सोडविला, आणि १९०० साली स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की या बाई मुळीच गप्प नव्हत्या. तापट पतीच्या गमती त्या मिस्किलपणे सांगतात, स्वतःच्या फजितीवरही हसतात, आणि कोठेही कडवटपणा नाही. शांत आत्मा आणि बोलके तोंड एकत्र नांदू शकतात, याला याहून चांगली साक्ष कोणती? १९१९ साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीच पुरे केले, आणि त्या तर कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या.

६. भावाच्या वर्गासाठी

त्या मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्याहून खोल होता. मनुष्य बाहेरचे रूप पाहतो आणि परमेश्वर अंतःकरण पाहतो, हे शमुवेलाला सांगितले गेले ते एका पुरुषाविषयी, उंच व देखण्या अलियाबाविषयी. तेव्हा हा पाठ मुलांच्या वर्गातही शिकविला गेला पाहिजे. आपली मुले लग्नासाठी ‘गोरी’ मुलगी मागतात, आणि आपण वडीलधारी माणसे त्यांना मुलीचे फोटो पुढे करतो. ज्या घरात मुलाची पारख पगाराने आणि मुलीची पारख रंगाने होते, त्या घरात हे वचन भिंतीवर लावून काय उपयोग?

मुली, तू आता आई झाली असशील. पेत्राला तुझ्या वेण्यांचा राग नव्हता. वेणी घाल, गजराही माळ. तो संध्याकाळी कोमेजेल. परंतु तुझ्यात प्रश्न विचारण्याचे जे धैर्य होते, ते कोमेजू देऊ नकोस. त्या दिवशी वर्गात खरी शोभा तुझीच होती. ती मला दिसली नाही.

मननासाठी प्रश्न

१. माझ्या घरातील मुलीची स्तुती मी गेल्या आठवड्यात कशाबद्दल केली? रूपाबद्दल, की तिने केलेल्या एखाद्या कामाबद्दल?
२. ‘सोसावे’ असा सल्ला मी एखाद्या दुःखी भगिनीला दिला आहे काय? आज तिला काय सांगेन?
३. माझ्या कपाटातील कोणती वस्तू टबीथाच्या अंगरख्याप्रमाणे दुसर्‍या कोणाच्या अंगावर असावयास हवी?