दिवाळी अंकाची पाळी

आश्विन महिना सरत आला, की सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेला कर्जत-खालापूरचा मुलूख पिवळ्या रंगाने भरून जातो. एका बाजूस माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूस बोरघाटाची उभी भिंत आणि मधल्या सखल भागात भाताची खाचरे. कर्जत तालुका उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेला, तर खालापूर पाताळगंगेच्या. नद्या दोन, परंतु पीक एकच. येथील संशोधन केंद्रात तयार झालेल्या भाताच्या वाणांना कर्जत गावाचेच नाव मिळालेले आहे, इतके हे पीक येथल्या मातीशी एकरूप झालेले आहे.

हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीस येते. त्यामागून निमगरवे आणि शेवटी गरवे. दिवाळी येते ती या कापणीच्या ऐन मध्यावर. कापलेले भात दोन-तीन दिवस शेतातच उन्हात वाळवावे लागते. तेवढ्यात परतीच्या पावसाची एखादी जोराची सर आली, तर दाणा काळा पडतो, लोंबीला कोंब फुटू लागतात आणि चार महिन्यांचे कष्ट चिखलात जातात. म्हणून या दिवसांत लहानथोर सर्वांचे डोळे आभाळाकडे लागलेले असतात. सण मात्र कोणासाठी थांबत नाही.

घरात सणाची तयारी शेतातल्या कामाच्या बरोबरीनेच चालू असते. अंगण चोपून, सारवून घ्यायचे. भिंतींना हात द्यायचा. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली काढून चिंचेने घासायची. मुले बांबूच्या कामट्या तासून आकाशकंदिलाचा सांगाडा बांधतात आणि पिठाची खळ शिजवून त्यावर रंगीत कागद चिकटवतात. परंतु खरी कसोटी असते ती फराळाची. चकलीची भाजणी म्हणजे तांदूळ आणि डाळी निरनिराळ्या भाजून, धणे-जिरे घालून दळलेले पीठ. भाजताना घाई झाली, की चकली मऊ पडते. अनारशाची तऱ्हा तर आणखीच नाजूक. त्यासाठी तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि रोज त्यांचे पाणी बदलावे लागते. नंतर ते कापडावर सावलीत सुकवून, किंचित ओलसर असतानाच कुटायचे, पीठ चाळायचे, त्यात गूळ मिसळून गोळा काही दिवस मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापून, मंद आचेवर, न उलटता तळायचा. गुळाचे प्रमाण थोडे चुकले, तरी अनारसा तुपात पडताच विरतो आणि पसरतो. त्याला ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. अनारसा हसला, की करणारीच्या डोळ्यांत मात्र पाणी उभे राहते!

ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. पहाटे उठून भाकऱ्या भाजणारी, दिवसभर विळा घेऊन खाचरात वाकलेली आणि सायंकाळी चुलीपुढे बसून करंज्यांच्या कडा मुरडणारी आई एकच असते.

अशाच एका घराची ही हकीकत आहे. घर खालापूर तालुक्यातले. घरातले काका मुंबईस नोकरीला असत. दरवर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ते गाडीने कर्जतला येत, तेथे गाडी बदलून खोपोलीकडे जाणाऱ्या फाट्यावरील डोळवली स्थानकावर उतरत आणि शेताच्या बांधाबांधाने चालत घर गाठत. हा फाटा फार जुना आहे. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, तेव्हा पुढचा घाट अद्याप फोडायचा होता. बोरघाटातून गाडी वर चढली ती १८६३ मध्ये. काकांच्या पिशवीत मुलांसाठी नवे कपडे असत, आजीसाठी औषध असे आणि एक दिवाळी अंक हटकून असे. कपड्यांच्या घड्या मोडण्यापूर्वी मुलांचे हात त्या अंकाकडे जात.

दिवाळीच्या दिवसांत वाचण्यासाठी खास अंक काढण्याची ही चाल मराठीत कशी पडली, हे जाणण्यासारखे आहे. मुंबईस काशिनाथ रघुनाथ मित्र नावाचे एक संपादक होते. त्यांचे मूळ आडनाव आजगावकर. ‘मनोरंजन’ हे मासिक त्यांनी १८९५ मध्ये सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा पहिला दिवाळी अंक काढला. ही कल्पना त्यांना इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून सुचली, असे सांगतात. इंग्लंडमध्ये नाताळ आणि वाचन यांची जोडी तोवर चांगली रुळली होती. चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने एका कंजूष म्हाताऱ्याचे हृदयपरिवर्तन सांगणारी नाताळची गोष्ट १८४३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली. तिच्या पहिल्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपून गेल्या. पुढे १८५० पासून आपल्या साप्ताहिकाचे खास नाताळ अंकही त्याने काढले. उत्तरेकडील आइसलंड या चिमुकल्या देशात तर नाताळला एकमेकांना पुस्तके भेट द्यायची आणि ती त्याच रात्री वाचायला बसायचे, अशी पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे बहुतेक वस्तूंची टंचाई होती, पण कागद मिळत असे. म्हणून लोक पुस्तकेच भेट देऊ लागले. १९४४ पासून तेथे नव्या पुस्तकांची यादी दरवर्षी प्रसिद्ध होते.

आपल्याकडेही नाताळची घरगुती तयारी दिवाळीहून फारशी निराळी नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत त्या दिवसांत नेवऱ्या तळतात, दोदोल ढवळतात आणि त्यांची ताटे शेजारच्या हिंदू घरांत धाडतात. नेवरी म्हणजे आपल्या करंजीची सख्खी बहीण. दिवाळीला हीच ताटे उलट दिशेने जातात.

परंतु एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. इंग्लंड-आइसलंडमधला नाताळ ऐन हिवाळ्यात येतो. बाहेर बर्फ, शेते गोठलेली, रात्री लांबलचक. शेकोटीजवळ बसून वाचण्याखेरीज दुसरे काम ते काय असणार? कोकणातली दिवाळी येते ती विळ्याला क्षणाचीही उसंत नसताना. अंकाची कल्पना समुद्रापलीकडून आली खरी, पण तेथली निवांत रात्र तिच्याबरोबर येऊ शकली नाही. त्यामुळे ज्या घरात भात कापायचे आहे, त्या घरात दिवाळी अंक दिवाळीत वाचून होत नाही. तो पाळीपाळीने वाचला जातो आणि शेवटच्या माणसाची पाळी येईपर्यंत नाताळही उजाडतो. गावोगावच्या वाचनालयांना हे ठाऊक आहे. थोडी वर्गणी घेऊन ती दिवाळीनंतरही कित्येक महिने हे अंक सभासदांत फिरते ठेवतात.

डोळवलीजवळच्या त्या घरातही पाळी ठरलेली असे. पहिला मान आजोबांचा. ते मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत सारे वाचीत आणि वर्षाचे राशिभविष्य मोठ्याने सांगत. मग वडील, मग थोरला मुलगा, ज्याला केवळ व्यंगचित्रांशी कर्तव्य असे. त्यानंतर सातवीत शिकणारी मुलगी. आई सर्वांच्या शेवटी. ‘मला काय घाई आहे? झोडणी झाली, की पौषात निवांत वाचीन,’ असे ती दरवर्षी म्हणे. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली होती आणि तिला वाचनाची मोठी आवड होती. हे घरात सर्वांना माहीत होते. तरीही पाळी बदलावी, असे कोणालाच कधी सुचले नव्हते.

त्या वर्षी मुलीला एक युक्ती सुचली. रात्री आई चकल्या तळायला बसली, तेव्हा आजोबा निजलेले पाहून तिने अंक हळूच उचलला आणि चुलीच्या उजेडात ती मोठ्याने वाचू लागली. अंकात एक दीर्घकथा होती. घर सोडून गेलेला मुलगा आणि त्याची वाट पाहणारे म्हातारे वडील, असा काहीसा तिचा विषय होता. आईचे हात सोऱ्यावर फिरत होते आणि कान कथेकडे लागले होते. कढईतल्या दोन चकल्या करपल्या. ‘पुढे वाच,’ एवढेच आई म्हणाली. निम्मी कथा झाली आणि मुलीला झोप अनावर झाली. उरलेली कथा उद्या वाचायची असे ठरले. पण उद्या बाहेरच्या खाचरातले भात बांधायचे होते, परवा नरकचतुर्दशी होती. पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणे, मग नव्या भाताचे पोहे, आणि ते संपताच पुन्हा शेत. कथा तशीच राहिली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मुलीची शाळेतली मैत्रीण शेतावर भेटली. ती वाडीवरची, कातकरी समाजातली. तिचे आईवडील या घरच्या कापणीला मजुरीवर येत. कातकरी कुटुंबांना स्वतःची शेती फारशी नसते. पावसाळ्यात लावणी आणि दिवाळीत कापणी, एवढीच गावातली मजुरी. ती संपली, की पुष्कळ कुटुंबे झोपडीला ताटी लावून भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मालकाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल श्रमांनी फेडावयाची असते. मुलेही बरोबर जातात. त्यांची शाळा अर्ध्यावर सुटते.

‘परवा टेम्पो येणार आहे आमचा,’ मैत्रीण म्हणाली. ‘तू अंक देणार होतीस ना वाचायला?’

मुलीने शाळेत तसे कबूल केले होते, ही गोष्ट खरी. वर्गात मैत्रिणीइतके स्वच्छ वाचणारे दुसरे कोणी नव्हते. भट्टीवर तिला वाचायला काहीही मिळणार नव्हते. दुसरीकडे आईची पाळी राहिलेली होती आणि कथा तर निम्मीच झाली होती. अंक गेला, की तो पुन्हा हाती येईल तो ज्येष्ठातच.

ती संध्याकाळभर गप्प होती. रात्री तिने आईला सारे सांगितले. आई दिवसभराच्या कामाने इतकी शिणली होती, की भिंतीला टेकून बसल्याबसल्याच तिचे डोळे मिटत होते. मुलगी म्हणाली, ‘आत्ता राहिलेली कथा वाचून दाखवू का? म्हणजे उद्या अंक देता येईल.’ आईने मान हलवली. पण दोन पाने होतात न होतात, तोच तिला गाढ झोप लागली. मुलीने अंक मिटला आणि आईच्या अंगावर चादर घातली.

सकाळी ती जागी झाली, तेव्हा अंक एका जुन्या फडक्यात बांधून ठेवलेला होता. शेजारी केळीच्या पानात चकल्या, करंज्या आणि चार अनारसे होते. ‘टेम्पो येण्याआधी नेऊन दे,’ आई चुलीपाशी बसूनच म्हणाली. ‘आणि तिला म्हणावे, ती कथा आधी वाच. तो मुलगा शेवटी घरी येतो की नाही, ते मला सांगायचे आहे.’

घरात थोडी कुरबुर झाली. थोरल्याची व्यंगचित्रे पुन्हा पाहायची राहिली होती. आजोबांनी, फाटेल, हरवेल, पैसे दिलेले आहेत, असे बोलून पाहिले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. आईने कोणालाच उत्तर दिले नाही. ती विळा घेऊन गरव्या भाताकडे निघून गेली.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. झोडणी झाली, पेंढा रचून झाला. रात्री निवांत झाल्या, तेव्हा आईपाशी वाचायला अंक नव्हता. तिने मुलीचे भूगोलाचे पुस्तक वाचून काढले आणि त्यात आपल्या घाटाविषयी दोनच ओळी आहेत, अशी तक्रार केली.

ज्येष्ठाच्या आरंभी, राब भाजून झाले होते आणि आभाळ भरून येऊ लागले होते, अशा एका दुपारी मैत्रीण अंगणात येऊन उभी राहिली. ती उंच झाली होती. तिच्या हातांना विटांच्या मातीचे घट्टे पडले होते. फडके तेच होते. अंकाचे मुखपृष्ठ मात्र गेलेले होते आणि त्याजागी सिमेंटच्या पिशवीचा जाड कागद नीट शिवून लावलेला होता. पानापानांवर तांबड्या बोटांचे ठसे होते, अनेकांच्या बोटांचे, लहान आणि मोठ्या. भट्टीवरच्या चौदा घरांत तो वाचून झाला होता. बहुतेकांना वाचता येत नव्हते. तेव्हा मैत्रीणच रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवीत असे.

‘आला का गं तो मुलगा घरी?’ आईने विचारले.

मैत्रीण हसली. ‘नाही सांगायची, काकू. तुम्ही वाचा.’

आईने हातातले सूप खाली ठेवले. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि पदराला हात पुसून तिने अंक उघडला. पाऊस येण्यापूर्वी आवरायचे अंगणातले सरपण तसेच राहिले होते. ते उचलायला दोघी मुली गेल्या.