बार झाला, आता नळीत बघा

कोकणात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या घरांत बंदूक बहुधा आजोबांच्या वेळची असते. एकनळी नाहीतर दुनळी, बारा बोअरची. काही घरांत अजून ठासणीची. वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. आता भात तयार झालं की डुकरं हाकलायला हवेत काढलेले मोजके बार, एवढंच तिचं काम. बाकी वर्षभर ती भिंतीवर टांगलेली असते, आणि खरी वाट लागते ती तिथेच. खारट हवा, पावसाळ्यातली ओल, आणि त्यावर मागच्या हंगामात न पुसलेली काजळी.

माझ्या चुलतभावाची दुनळी फुटली तेव्हा मी माचावर त्याच्या शेजारी बसलो होतो. उजव्या नळीचा बार नेहमीसारखा झाला. डाव्या नळीचा आवाज मात्र दबका आणि जड आला. बॅटरी मारून पाहिलं, तर तोंडापासून वीतभर मागे नळी फुगून उभी चिरली होती आणि चिरेच्या कडा बाहेर वळल्या होत्या. त्याचा डावा हात मागे, लाकडावर होता म्हणून बोटं शाबूत राहिली. सकाळी चिरेच्या कडेला वाळलेली माती आणि कोळ्यांचे सुकलेले पाय चिकटलेले सापडले. कुंभारीण माशीने पावसाळ्यात त्या नळीत घर केलं होतं. पिल्लांना खायला ती कोळी आणून मातीत कोंडते. छर्रे आणि मागचा वायू वाट शोधत तिथे पोचले आणि वाट बंद होती. काडतूस भरण्याआधी कुणी ती नळी उजेडाकडे धरून पाहिली असती, तर एक गज घालून माती निघाली असती.

म्हणून पहिलं काम बघण्याचं. बंदूक उघडा, काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, उरलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. घरात पोरं असतील तर त्यांना त्या वेळी लांबच ठेवा. मग नळ्या सोडवून आकाशाकडे धरा. आतून आरशासारखी चकाकी दिसली पाहिजे. कुठे काळसर कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली असू शकते; बारीक काळे ठिपके म्हणजे गंजाने धरलेले खड्डे. फुगलेल्या नळीतून पुन्हा बार काढू नका, ती परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवा.

साफसफाई बार काढला त्याच रात्री. गज काडतूस घालायच्या बाजूने आत घाला आणि तोंडाकडून घाण बाहेर काढा, म्हणजे ती आतल्या यंत्रणेत पडत नाही. आधी सॉल्व्हंट लावलेली चिंधी फिरवा, थोडं थांबा, मग पितळी तारांचा ब्रश, मग कोरड्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. हल्लीच्या काडतुसांत छर्ऱ्यांमागे असणाऱ्या प्लास्टिकच्या वाडाचे (बुचाचे) पट्टे नळीला चिकटतात आणि त्यांच्याखाली ओल धरून राहते. ते ब्रशशिवाय सुटत नाहीत. काडतूस बसतं तो भाग वेगळा घासा. तिथे गंज धरला की बार झालेलं काडतूस अडकून बसतं. काम झालं की हात साबणाने धुवा, कारण त्या काळ्यात शिसं असतं.

ठासणीच्या बंदुकीला तेल लावून भागत नाही. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, आणि ती विरघळते पाण्यात. नळीत कढत पाणी ओता, गज मारा, पूर्ण वाळवा आणि मगच तेल. फार जुनी काडतुसं वापरलीत तरी हेच करा. त्यांच्या केपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं आणि ते जळलं की एक प्रकारचं मीठच मागे उरतं. वरून कितीही तेल चोपडलं तरी ते मीठ खाली आपलं काम करतच राहतं.

तेलाबद्दल आमच्याकडे फार गैरसमज आहेत. खोबरेल लावणारी घरं मी पाहिली आहेत. ते कालांतराने चिकट होतं, धूळ धरतं आणि चाप जड करतं. रॉकेलने घाण सुटते, पण ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. थेंबभर घेऊन चिंधीने पसरा. जास्त झालं तर ते ओघळून दस्त्यात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. शेवटी नळ्यांवरून बाहेरून तेलाची चिंधी फिरवा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरू नका; घामाच्या बोटांचे ठसे पावसाळ्यात तांबडे होऊन उठतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक कोरडी चिंधी आतून फिरवून बघा. तांबूस आली तर सगळं पहिल्यापासून.

कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या पिशवीत बंदूक वर्षभर ठेवू नका, पिशवी ओल धरते. कुलूपबंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. माशी शिरू नये म्हणून नळीच्या तोंडावर बाहेरून सुती कापड बांधा. आत बोळा कोंबू नका. तो विसरलात, तर पुढच्या बाराला तोच बोळा त्या मातीचं काम करील.

निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकते. 2024 साली विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, नेमकी भात कापणीच्या तोंडावर, आणि घाईघाईत बऱ्याच बंदुका तशाच न पुसता गेल्या. यापुढे जमा करण्याच्या आदल्या रात्री ती साफ करून, तेल लावून द्या. परत आणाल त्याच दिवशी उघडा, नळ्या उजेडाकडे धरा आणि दोन्ही नळ्यांतून कोरडी चिंधी फिरवा. तोवर तिच्यात काडतूस घालू नका.