जेवणाचा खर्च कसा मोजावा?

पोटभर जेवायला महिन्याला किती पैसे लागतात? हा प्रश्न घरच्या बाईला रोज पडतो. मोठमोठ्या विद्वानांनाही तो पडला.

पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या दोघांनी देशातल्या गरिबीचा अभ्यास केला. तो 1971 साली प्रसिद्ध झाला. अन्नातून अंगाला किती शक्ती मिळते, ते मोजण्याच्या मापाला उष्मांक म्हणतात. माणशी रोज 2250 उष्मांक हवेत, असे त्यांनी धरले. ज्या घरात एवढे अन्न मिळते, त्या घरचा एकूण खर्च त्यांनी पाहिला. 1960-61 च्या भावाने तो खेड्यात माणशी महिना सुमारे 15 रुपये आला. शहरात आला साडेबावीस. म्हणजे दीडपट!

आपले पावणे पूर्वी खेडे होते. या पट्ट्यात भात पिके, खाडीत मासळी मिळे. आता गावाभोवती कारखाने आहेत आणि तांदूळही विकत घ्यावा लागतो. म्हणून हा हिशेब आपल्याला यायला हवा.

समजा, घरात पाच माणसे आहेत. एका दिवसाचे जिन्नस लिहा :

तांदूळ 1 किलो – 50 रुपये
डाळ 200 ग्रॅम – 30 रुपये
भाजी अर्धा किलो – 30 रुपये
तेल, मीठ, मसाला – 20 रुपये

बेरीज 130. पाचाने भागले, की माणशी 26 रुपये.

पण थांबा. मुलाने खाडीतून कोलंबी आणली. ती फुकट का? नाही. बाजारात तिला 40 रुपये पडले असते. तेही धरा. बेरीज 170, माणशी 34 रुपये. परसातली भाजी, घरचे दूध, सारे असेच बाजारभावाने धरावे. नाहीतर हिशेब खोटा पडतो.

आणखी एक गोष्ट. पाचाने भागले, म्हणजे पाचही जण सारखे जेवले असे नाही. घरची बाई शेवटी बसते. तिला डाळ उरली का? ते भागाकार सांगत नाही. त्यासाठी ताटच पाहावे लागते. म्हणून काही अभ्यासक प्रत्येकाच्या ताटातले अन्नही वजन करून पाहतात.

तुम्हीही आठवडाभर वहीत लिहा. कुठे पैसा जातो आणि कोणाचे ताट रिकामे राहते, दोन्ही कळेल.

प्रश्न
1. उष्मांक म्हणजे काय?
2. घरच्या भाजीची किंमत कशी धरावी?
3. तुमच्या घरी काल माणशी किती खर्च झाला?